सतराव्या ओळीतली सही

१

सतराव्या ओळीत सोमवारच्या रकान्यात सोपान ओव्हाळची सही होती. आणि सोमवारी सकाळी आठ वाजता सोपान ओव्हाळ पिरंगुटच्या एका नव्या कारखान्यात लेथ यंत्रापुढे उभा राहून नोकरीसाठी ट्रेड टेस्ट देत होता.

एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी. देवादिकांना जमत असेल, टर्नरला जमत नाही. आणि माझ्या मस्टरात तर असले चमत्कार मी चालवून घेत नाही. मी नथू केमसे, उरवड्याच्या पंप कारखान्याचा टाइमकीपर. सोळा वर्षांत माझ्या मस्टरात एक खाडाखोड दाखवा, मिशी उतरवतो, असं मी येईल त्याला ऐकवायचो. तो तोरा त्र्याऐंशी सालच्या श्रावणात, एका बुधवारी सकाळी उतरला.

आमचा कारखाना तेव्हा चौदा महिने थंड पडला होता. कागदावर मात्र तो बंद नव्हता. कागदावर होता 'ले-ऑफ'. म्हणजे एकतीस माणसांनी रोज सकाळी आठला गेटवर यायचं, माझ्या खिडकीत सही नाहीतर अंगठा करायचा, 'आज काम नाही' हे ऐकायचं आणि आल्या पावली परत जायचं. त्याचा अर्धा पगार. दुसरीकडे काम शोधायला जावं तर हजेरी चुकते, हजेरी लावावी तर काम शोधायला सकाळ हातात राहत नाही. धड नोकरी नाही, धड सुटका नाही. त्यात शनिवारी दुपारी मालकांनी बोर्डावर नोटीस डकवली : सोमवारपासून जो एक दिवस चुकेल त्याचं नाव कायमचं कमी. सोपान शनिवारी सकाळीच सही करून गेला होता. त्यानं ती वाचलीच नव्हती.

बुधवारी तो खिडकीशी आला तो शिव्या देतच.

"नथूभाऊ, काय सांगितलंस तू त्यांना फोनवर?"

सांगितलं होतं खरं. मंगळवारी दुपारी पिरंगुटच्या पर्सोनेल साहेबांचा फोन आला होता, माणूस कसा आहे म्हणून. मी तोंड भरून बोललो. शंभर नंबरी माणूस, साहेब. चौदा महिन्यांत एक खाडा नाही. मस्टर पुढ्यातच होतं, ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "कालसुद्धा आठला हजर. ही काय सही." पलीकडे साहेब एकदम गप्प झाले. मला वाटलं, लाइन गेली.

"सोमवारी आठला मी त्यांच्याम्होरं हुतो!" सोपाननं कपाळावर हात मारला. "काल सांच्याला निकाल इचाराया गेलो, तर साहेब म्हनतात, हितं टेस्ट देतोस आन् तितं दोस्ताकडनं खोटी हजेरी लावून पगार खातोस. असला मानूस नको. गुरुवारी चार वाजेपातूर सही कुणी केली त्याचं नाव लेखी आण, न्हाईतर वेटिंग लिस्टवरचा घेतो."

"मग तू कुणाला सांगितलं होतंस सही करायला?"

"कुणालाच न्हाई! एक दिसाचे पैसे जातील तर जाऊ द्या, म्हनलं. मंगळवारी आलो, नोटीस बगितली, सही बगितली, आन् गप बसलो. बोललो असतो तर हितलं नाव गेलं असतं." तो खिडकीत वाकला. "नथूभाऊ, फुडच्या म्हैन्यात मला पस्तीस लागतं. पस्तीसच्या वर कुनी घेत न्हाई. सात ठिकानी फिरलो. ह्यो शेवटचा दरवाजा हाय."

खरं बोलला तर जुनी नोकरी जाते, गप्प बसला तर नवी. इकडे आड, तिकडे विहीर.

"मस्टर आण हिकडं," मागून आवाज आला. सारजाबाई उभी होती.

२

सारजाबाई म्हणजे आमच्या कॅन्टीनची अन्नपूर्णा. कॅन्टीन बंद पडल्यावर तिनं गेटसमोर चार पत्रे टाकून चहाचं दुकान मांडलं होतं. कॅन्टीनच्या स्टीलच्या वाट्या कोण पळवतो, ते तिनं एकदा चोराच्या डब्यातल्या कालवणावरून हुडकून काढलं होतं. तेव्हापासून मॅनेजरसुद्धा तिला वचकून असायचा. एक अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नजर घारीची.

मस्टर तिनं डोळ्यांजवळ नेलं. "ह्यी सोमवारची? आन् ह्यी शनवारची? सारखीच दिसत्यात. ह्यो ठिपका कशाचा?"

"कसला ठिपका? सोपान ओव्हाळ एवढंच लिहिलंय," मी म्हणालो. मी ती सही हजार वेळा वाचली असेल. त्यात ठिपकाबिपका काही नसतो.

"बरं," म्हणाली ती. "सही निळी हाय. येकदोन सोडल्या तर बाकी समद्या काळ्या. असं का?"

ते मी सांगू शकत होतो. सोमवारी सकाळी दणकून पाऊस, एस.टी. वीस मिनिटं उशिरा. एस.टी.ची माणसं एकदम आली, पहिल्याच सहीला माझं निळं पेन संपलं. मी काळं काढलं. त्यानंतर सगळ्या सह्या काळ्या.

"म्हंजी ह्यी सही एस.टी. येण्याआदीची. तवा कोन कोन आलं हुतं?"

"दोघंच. उरवड्यातला ज्ञानदेव आणि रिह्याहून डोंगर उतरून येणारा कोंडिबा."

पण सोपानच्या डोक्यात वेगळंच नाव होतं. वेटिंग लिस्टवर पहिला होता चांद्याचा साहेबराव, आमच्याच कारखान्याचा. सोपान गेला की साहेबराव आत. सारजाबाईनं त्याला बोलावून चहा दिला आणि तोंडावरच विचारलं.

साहेबराव उसळला. "व्हय, पायजे मला नोकरी! कुनाला नको? पन मी एस.टी.नं आलो. माजी सही बगा, काळी हाय."

"खिशात निळं पेन असंल की तुज्या."

"असंल. पन नथूभाऊ मांजरावानी मस्टरावर बसला हुता. दुसऱ्याच्या ओळीत हात घातला असता तर हात मोडला असता त्यानं."

तेही बरोबर होतं. एस.टी. आल्यापासून मी खिडकी सोडली नव्हती.

"आन् त्याच्या आदी?" सारजाबाईनं माझ्याकडे वळून विचारलं.

मी खाकरलो. त्याच्या आधी मी दहा मिनिटं खिडकी उघडी टाकून तिच्याच दुकानात चहा प्यायला गेलो होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. टाइमकीपरनं हजेरीच्या वेळी मस्टर सोडायचं नसतं.

मग ज्ञानदेव आला. सोपानच्या शेजारच्या लेथवरचा, जिवाला जीव देणारा दोस्त. माझा पहिल्यापासून संशय त्याच्यावरच. म्हटलं, हाच तो दानशूर कर्ण! पण सारजाबाईनं मान हलवली. "ह्यो पावनेआठला सही करून माज्या चुलीपाशी बसला, त्यो एस.टी. येईस्तवर हलला न्हाई. तू हुतास की तितं. तूच त्याला बिडी मागितलीस."

मागितली होती.

कोंडिबा पत्र्याखाली उकिडवा बसला होता. सत्तावन्न वर्षांचा, लाकडी साचे करणारा सुतार. बावीस वर्षं माझ्या मस्टरात नि माझ्याआधीच्याच्या मस्टरात त्यानं अंगठाच उठवलेला. "कोंडिबा, सही कुनी केली बगितलं का रं?" सारजाबाईनं विचारलं.

"मला कुटं वाचता येतंय," कोंडिबा म्हणाला आणि कपबशीत तोंड घातलं.

सारजाबाईनं बोटांवर नावं मोजली. साहेबराव नव्हे, ज्ञानदेव नव्हे, कोंडिबा अंगठाबहाद्दर. "मंग उरलं कोन?" ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "चहाला येन्याआदी खिडकीत एकलाच कोन हुता? सोपानचं अक्षर रोज कोन बगतं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

३

असा संताप आला म्हणता! सोळा वर्षांची अब्रू, आणि चहावाली बाई चारचौघांत माझ्यावर आळ घेते. मी म्हणालो, "सारजाबाई, म्हातारचळ लागलाय तुम्हाला. मी केली असती तर फोनवर बोंबलून सांगितलं असतं का?"

"न्हाई सांगितलं असतंस," ती शांतपणे म्हणाली. "म्हनून तर म्हनते, तू न्हाईस. पन मग कोन, ते बगायला पायजे." ते आधी बोलायला काय झालं होतं तिला! पण ती अशीच.

दुपारी सगळे पांगले. सोपान तेवढा गेला नाही. पायरीवर बसून तळहात चोळत होता. चौदा महिन्यांत टर्नरच्या हाताचे घट्टे गेले होते, ते दाखवत म्हणाला, "माजी कारभारीन जाईबाई रोज दुसऱ्याच्या खाचरात कमरंइतक्या पान्यात हुबी ऱ्हाती. घरी गेलो की इचारती, झालं का काम? आज काय सांगू?" मी उगाच पेनं पुसत बसलो.

सारजाबाईनं पुन्हा मस्टर मागितलं. या वेळी तिनं नख लावलं. शनिवारच्या सहीवर, शेपटाच्या जरा वर, खरंच एक काळा ठिपका होता. नखानं खरवडला तसा तो निघून आला. माशीची घाण! माझ्या खिडकीत चहाच्या वासानं माश्या घोंगावतात, मस्टरभर असले ठिपके.

मग तिनं सोमवारच्या सहीवर नख लावलं. तिथंही ठिपका होता. शेपटाच्या जरा वर, तंतोतंत त्याच जागी. खरवडला, निघाला नाही. पुन्हा खरवडला. तो पेनचा होता. निळा. कुणीतरी मुद्दाम, नीट टेकवून काढलेला.

"आता बोल," सारजाबाई म्हणाली. "सोपान ठिपका देतो का सहीला?"

"छे," सोपान उठून आला होता.

"ज्ञानदेवानं नक्कल केली असती तर?"

"त्यानं नाव लिहिलं असतं," मी म्हणालो आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख झालं. लिहिता येणारा माणूस नाव उतरवतो. माशीचा ठिपका त्याला दिसतच नाही. मला दिसला नव्हता! सारजाबाईला दिसला, कारण तिच्या लेखी ते नाव नव्हतंच, ते नुसतं चित्र होतं. म्हणजे सही करणाऱ्याच्या लेखीही ते चित्रच होतं. ज्यानं ही सही केली त्याला वाचताच येत नव्हतं.

"पन न वाचनाऱ्याला इतकी सुबक सही कशी जमंल?" सोपान म्हणाला.

मी किल्ल्या उचलल्या आणि पॅटर्न शॉपचं कुलूप काढलं. फळ्यांवर लाकडी साचे धूळ खात पडले होते. प्रत्येक साच्यावर कंपनीचं नाव, उठावाची अक्षरं, काना-वेलांटीसकट कोरलेली. बावीस वर्षं ड्रॉइंग पुढे ठेवून ती अक्षरं कोरली होती एका अंगठाबहाद्दरानं. एक अक्षर वाचता येत नसताना.

गुरुवारी सकाळी आठला कोंडिबानं अंगठा उठवला. सारजाबाईनं त्याला बाजूला घेतलं. ना दरडावणी, ना चौकशी. मस्टरावर बोट ठेवून सहज विचारलं, "कोंडिबा, ह्यो ठिपका का काढलास रं?"

"हुता म्हनून काढला," कोंडिबा म्हणाला.

४

म्हणून गेला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. मटकन खाली बसला.

"साहेबरावानं नोटीस वाचून दावली हुती शनवारी," तो म्हणाला. "सोमवारी आलो, नथू चहाला गेलेला, सोपानची जागा मोकळी. म्हनलं, गेलं पोराचं नाव! मागल्या साली मला हिवताप हुता, तवा ह्यो पोरगा बारा दिस मला सायकलवर डबलशीट घिऊन यायचा. अंगठा करायला. रिह्यापास्नं! मंग मी एवढं बी करू नये? पेन तितंच हुतं. सोपानची ओळ मला ठावं, माज्या वरची. बाजूच्या घरातलं बगून काढलं तसंच्या तसं."

"बाबा, मला इचारायचं तरी!" सोपान ओरडला. खाली बसून त्यानं म्हाताऱ्याचे खांदे धरले. चिडावं का रडावं ते त्याला कळेना. मलाही कळेना.

कोड्याचा गुंता सुटला, आणि खरा गुंता तिथंच सुरू झाला. साहेबांना नाव हवं होतं, लेखी. ते पत्र आमच्या मालकांकडे जाणार, हे ठरलेलं. खोटी हजेरी म्हणजे बडतर्फी. कोंडिबाला निवृत्त व्हायला अकरा महिने उरले होते. ज्या दिवशी नाव कापलं जाईल त्या दिवशी बावीस वर्षं पाण्यात. या वयाच्या सुताराला नवीन नोकरी कोण देणार? चौतिसाव्या वर्षी सोपानला मिळत नव्हती.

"मी न्हाई देत नाव," सोपान म्हणाला. "जाऊ द्या ती नोकरी."

"गप!" कोंडिबा कडाडला. त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "लेकरं हायेत तुला. माजी चूक मी निस्तरीन. नथू, लिही कागद. मी अंगठा देतो."

सारजाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर! तिनं तोंडानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. खिडकी उघडी टाकून चहाला कोण गेलं? मान वर न करता, कोण आलं कोण नाही ते न बघता, नुसत्या सहीवर बोट ठेवून 'हजर' कोण म्हणालं? म्हाताऱ्यानं मायेपोटी एक रेघ ओढली. गळफास मी आवळला होता, तोही ऐटीत.

मी कागद ओढला. लिहिलं आणि कोंडिबाला वाचून दाखवलं : "मी, कोंडिबा, सोमवारी सकाळी सोपान ओव्हाळ याच्या नकळत त्याची सही केली. यात त्याचा काही दोष नाही." कोंडिबानं मान डोलावली आणि खाली अंगठा उठवला. सोपान तोवर ज्ञानदेवाचा धुतलेला शर्ट अंगात चढवत होता. तो येण्याआधी मी पाकिटाला डिंक लावला. त्याच्या हाती देऊन म्हणालो, "पळ. साहेबांच्या हातातच दे."

वाचलं ते लिहिलं नव्हतं. कागदावर 'मी, नथू केमसे, टाइमकीपर' असं होतं. खाली माझी सही होती. आणि अंगठ्याच्या शेजारी मी बारीक अक्षरात लिहिलं होतं : साक्षीदार.

५

सोपान घेतला गेला. गुरुवारी संध्याकाळी तो धापा टाकत आला तेव्हा हातात नेमणुकीचं पत्र होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. साहेबांनी पाकीट त्याच्यासमोरच फोडून वाचलं होतं.

"नथूभाऊ, ह्ये काय केलंस?"

"जा घरी. जाईबाईला सांग, काम झालं," मी म्हणालो. गेला. मागं वळून वळून बघत गेला.

मालकांना नक्कल शनिवारी पोचली. सकाळी अकराला माझ्याकडून किल्ल्या घेतल्या, दुपारी बोर्डावर नोटीस लागली. सोपानचं नाव कमी, त्याला आता त्याची फिकीर नव्हती. त्याखाली माझं. ज्ञानदेवानं ती मोठ्यानं वाचली, आणि कोंडिबानं ऐकली.

मी सायकलला कुलूप काढत होतो. कोंडिबा तरातरा आला. मला वाटलं, पाया पडतो का काय म्हातारा. मी मागे सरकलो.

"माजा अंगठा खोट्यावर घेतलास?" त्यानं माझ्या सायकलचं हँडल धरलं. "बावीस वर्सं अंगठा केला, कुनी फसवलं न्हाई. मालकानं न्हाई, सावकारानं न्हाई. तू फसवलंस. वाचता येत न्हाई म्हनून!"

"कोंडिबा, अरे, अकरा महिने..."

"तुला इचारलं मी? मला एक दिस खरं बोलायचं हुतं, ते बी तू घेतलंस. आता अकरा म्हैने मी रोज त्या खिडकीत यायचं. कंच्या तोंडानं यायचं?"

सारजाबाईनं त्याला हाताला धरून नेलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं केलंस का वाईट, ते मला बी सांगता येत न्हाई, नथू." मला तरी कुठं येत होतं! मी चांगुलपणा केला असं समजून आदल्या दोन रात्री मजेत झोपलो होतो.

सोमवारी मी पहिल्यांदाच सकाळी आठला कुठल्याच मस्टराशी बांधलेला नव्हतो. बायको म्हणाली, बसून काय राहता, पिरंगुटला जाऊन बघा, सोपानची ओळख आहे. माझं वय चव्वेचाळीस. तरी कपडे इस्त्री केले, मिशी नीट केली आणि गेलो. टाइम ऑफिसमध्ये एक जागा आहे असं ऐकलं होतं.

पर्सोनेल साहेबांनी बसायला सांगितलं. माणूस सज्जन. सोळा वर्षांचा अनुभव ऐकून घेतला, नाव विचारलं. मग टेबलाचा खण उघडून त्यांनी एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. अक्षर माझंच होतं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"होय साहेब."

"मग तुम्हीच सांगा, खोटी हजेरी लावणाऱ्याला मी टाइमकीपर म्हणून कसा घेऊ?"

एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. खरं एक वाक्य. जिभेवर आलं होतं. चव्वेचाळीस वर्षं, दोन पोरी, आणि समोर रिकामी जागा. साहेब वाट बघत होते.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "मीही घेतला नसता."

बाहेर आलो. शेडमधून लेथचा आवाज येत होता. चौदा महिन्यांनी ऐकत होतो. वॉचमन रिह्याकडचाच होता, ओळखीचा. गेट उघडता उघडता त्यानं विचारलं, "काय नथूभाऊ, झालं का काम?"

"झालं की," मी म्हणालो. "सोपानचं झालं."